ज्वालामुखी, धुकं, चक्रीवादळ: विमान रद्द झालं तर कोणते पैसे परत मिळतात आणि कोणते नाहीत?

मुंबईहून कोलकात्याला जायचंय. आकाश निरभ्र आहे, दोन्ही शहरांत पाऊस नाही, धुकं नाही. तरीही विमान रद्द. कारण काय, तर इथिओपियातला ज्वालामुखी!

हे नोव्हेंबर २०२५ मध्ये खरंच घडलं. इथिओपियाच्या अफार भागातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीचा २३ नोव्हेंबरला उद्रेक झाला. राखेचा ढग लाल समुद्र, येमेन आणि ओमान ओलांडून अरबी समुद्रावरून पश्चिम आणि उत्तर भारताच्या आकाशात आला. अकासा एअरने जेद्दा, कुवेत आणि अबू धाबीची उड्डाणं रद्द केली. केएलएमची अ‍ॅमस्टरडॅम-दिल्ली सेवा थांबली. एअर इंडियाने राखेच्या पट्ट्यावरून उडालेली विमानं तपासणीसाठी बाजूला घेतली. ती विमानं पुढे ज्या देशांतर्गत मार्गांवर जाणार होती ती उड्डाणंही रद्द झाली. त्यात मुंबई-कोलकाता आणि मुंबई-हैदराबादही होतं.

यात चूक कुणाचीच नाही. राख इंजिनात गेली तर ती आतल्या उष्णतेने वितळून काचेसारखी चिकटते आणि इंजिन बंद पडू शकतं. त्यामुळे विमान न उडवणं हाच शहाणपणा. पण प्रवाशाचं तिकीट, पुढचं हॉटेल, दुसऱ्या कंपनीचं पुढचं विमान आणि विमानतळावरच्या रात्रीचा खर्च कोण भरणार?

तीन वेगवेगळे पैसे

काउंटरवरची बहुतेक भांडणं एका गैरसमजातून होतात. 'पैसे परत द्या' म्हणताना प्रवासी तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मागत असतो.

पहिली गोष्ट रिफंड, म्हणजे न मिळालेल्या सेवेचे भरलेले पैसे परत. दुसरी नुकसानभरपाई, म्हणजे झालेल्या त्रासाबद्दल कंपनीने तिकिटाच्या पैशांशिवाय द्यायची रक्कम. तिसरी गोष्ट म्हणजे देखभाल: अडकलेल्या काळातलं जेवण, पाणी आणि गरज पडल्यास हॉटेल.

नैसर्गिक आपत्तीत या तिन्हींचं नशीब वेगवेगळं असतं. रिफंडचा हक्क टिकतो, नुकसानभरपाईचा जातो. देखभाल मिळेल की नाही, हे प्रवासी कोणत्या देशात आणि कोणत्या कंपनीच्या विमानासाठी अडकलाय यावर ठरतं. या तिन्हींपलीकडचं नुकसान, म्हणजे बालीतल्या व्हिलाचं भाडं, क्रूझचं बुकिंग, हुकलेला लग्नाचा मुहूर्त, यातलं विमान कंपनी सहसा काहीच देत नाही. तिथे विमा असला तर विमा.

भारतातला नियम काय म्हणतो?

भारतात हा विषय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमावलीत येतो. रद्द आणि उशिराच्या विमानांबद्दलचे नियम २०१० मध्ये आले आणि नंतर त्यांत बदल होत गेले. रिफंडची नियमावली वेगळी आहे.

सोशल मीडियावर 'विमान रद्द झालं की १० हजार रुपये मिळतात' असं फिरत असतं. तो आकडा हवेतला नाही, पण अर्धवट आहे. वेळेत कळवलं नाही आणि चूक कंपनीची असेल, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० रुपये, ७,५०० रुपये किंवा १०,००० रुपये भरपाई ठरलेली आहे. मूळ एकेरी भाडं आणि इंधन अधिभार यांची बेरीज त्यापेक्षा कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते. तिकीट काढताना स्वतःचा संपर्क क्रमांक नीट दिला नसेल तर भरपाईही नाही. एजंटने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून तिकीट काढलं असेल तर हे कलम आठवावं.

आणि याच नियमात पुढे म्हटलंय की नैसर्गिक आपत्ती, पूर, खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचा आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांमुळे विमान रद्द झालं तर ही भरपाई देणं बंधनकारक नाही. चक्रीवादळ, दाट धुकं, ज्वालामुखीची राख हे सगळं त्यात बसतं.

सूट मिळते ती भरपाईतून. विमान कंपनीने रद्द केलं असेल तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातली निवड प्रवाशाची राहते. 'आमची चूक नाही, त्यामुळे रिफंड नाही' हे वाक्य काउंटरवर ऐकू आलं तर ते चुकीचं आहे. 'तिकीट नॉन-रिफंडेबल होतं' हेही उत्तर इथे लागू होत नाही, कारण ती अट प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द करण्याबद्दलची असते.

पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर रद्द झाल्यापासून सात दिवसांत रिफंडची प्रक्रिया करायची असते. रोख भरले असतील तर ज्या कार्यालयातून तिकीट घेतलं तिथे लगेच. एजंट किंवा वेबसाइटमार्फत काढलेल्या तिकिटाचीही जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो. 'तुमच्या एजंटशी बोला' म्हणून फोन ठेवला गेला तर हाच मुद्दा लेखी ईमेलने मांडावा. एजंट किंवा वेबसाइटने आकारलेली सोय-फी मात्र सहसा परत येत नाही.

कंपनी अनेकदा पैशांऐवजी पुढच्या प्रवासासाठी वापरता येईल असं क्रेडिट देऊ करते. ते घ्यायचं की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं. कंपनीने आपोआप खात्यात टाकून मोकळं व्हायचं नाही. अ‍ॅपवर मोठ्या रंगीत बटणावर बहुधा क्रेडिटचा पर्याय असतो आणि मूळ खात्यात रिफंडचा पर्याय खाली बारीक अक्षरांत. घाईत बोट कुठे पडतंय ते पाहावं.

उशीर हा रद्द होण्यापेक्षा वाईट

विमान रद्द झालं तर निदान हक्क स्पष्ट असतात. 'उशीर' ही जास्त अवघड जागा आहे. एरवी देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण रिफंड द्यावा लागतो. २४ तासांपेक्षा जास्त उशीर झाला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतलं विमान सहा तासांपेक्षा जास्त लांबलं, तर हॉटेलही द्यावं लागतं. दोन ते चार तासांच्या उशिरात, उड्डाण किती लांबचं आहे त्यानुसार, खाणंपिणं द्यायचं असतं.

पण उशीर अपवादात्मक परिस्थितीमुळे, म्हणजे हवामानासारख्या कारणामुळे असेल, तर या जबाबदाऱ्यांतूनही कंपनीला सूट आहे. ज्या रात्री हॉटेलची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका त्याच रात्री हा हक्क ढिला पडतो. भारतीय नियमातली ही सगळ्यात मोठी उणीव म्हणावी लागेल. रद्द झालेल्या विमानासाठी विमानतळावर पोहोचून पर्यायी विमानाची वाट पाहणाऱ्याला खाणंपिणं द्यावं, असं मात्र नियम सांगतो.

जानेवारी २०२४ मधला मुंबई विमानतळावरचा व्हिडिओ अनेकांना आठवत असेल. गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान दिल्लीतल्या धुक्यामुळे मुंबईत उतरलं आणि वैतागलेले प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. त्या प्रकरणात विमान कंपनी आणि विमानतळ, दोघांनाही दंड झाला. कंपनीचा दंड १ कोटी २० लाख रुपयांचा होता. पण असा दंड सरकारजमा होतो, प्रवाशांच्या खात्यात येत नाही. त्यानंतर डीजीसीएने नवी कार्यपद्धती काढली. तीन तासांपेक्षा जास्त उशीर होईल असं दिसत असेल तर विमान वेळेआधीच रद्द करायची मुभा कंपन्यांना मिळाली. ऐकायला हे प्रवाशाच्या विरोधात वाटतं, पण हक्कांच्या दृष्टीने 'रद्द' हा शब्द 'उशीर'पेक्षा बरा.

धुक्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात

१४ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीहून हैदराबादला जाणारं सकाळचं विमान धुक्यामुळे अडकलं. एक प्रवासी कित्येक तास विमानातच बसून राहिला. त्याने हैदराबादच्या स्थायी लोक अदालतीत दाद मागितली आणि त्याला १०,००० रुपये भरपाई आणि खर्च मंजूर झाला. कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

जुलै २०११ मधल्या निकालात न्यायालयाने ती भरपाई रद्द केली. धुक्यामुळे झालेल्या उशिराला कंपनी जबाबदार नाही, असं म्हटलं. पण त्याच निकालात दोन गोष्टी प्रवाशांच्या बाजूच्या आहेत. एक, कमी भाड्याची कंपनी असली तरी विमानात अडकलेल्या प्रवाशांना किमान अन्न-पाणी आणि सुविधा द्याव्याच लागतात; 'आम्ही बजेट कंपनी आहोत' हे कारण चालत नाही. त्या खटल्यात कंपनीने खाणंपिणं दिलं होतं, म्हणून ती सुटली. दोन, तिकिटावर 'वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात' असं छापलं म्हणून लोक अदालतीचा रस्ता बंद होत नाही.

युरोपातलं चित्र वेगळं का?

आइसलँडमधल्या एयाफ्यालायोकुल ज्वालामुखीमुळे एप्रिल २०१० मध्ये युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद होतं. एक लाखाच्या आसपास उड्डाणं रद्द झाली, सुमारे एक कोटी प्रवाशांना फटका बसला.

त्यातली एक प्रवासी पोर्तुगालमधल्या फारोहून डब्लिनला जाणार होती. रायनएअरचं तिकीट ९८ युरोचं. विमान १७ एप्रिलचं, ती निघू शकली २४ तारखेला. मधल्या काळातल्या राहण्या-जेवणाचे तिने ११२९ युरो मागितले. कंपनीचं म्हणणं, ज्वालामुखी ही साधी अपवादात्मक परिस्थिती नाही, त्याहूनही पलीकडची आहे. आणि ९८ युरोच्या तिकिटावर एवढा खर्च कसा?

युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ ला निकाल दिला. अपवादात्मकतेच्या वर अशी कोणतीही श्रेणी कायद्यात नाही. भरपाई देऊ नका, पण प्रवाशाची देखभाल करावीच लागेल, आणि तिला ना दिवसांची मर्यादा ना रकमेची. कंपनीने सोय केली नाही तर प्रवाशाने स्वतः केलेला खर्च परत मिळेल, मात्र तो गरजेपुरता आणि वाजवी हवा. म्हणजे साधं हॉटेल चालेल, पंचतारांकित नाही.

हा नियम मराठी प्रवाशांनाही लागू होतो, फक्त दिशा पाहावी लागते. युरोपीय महासंघातल्या विमानतळावरून निघणारं कोणत्याही कंपनीचं विमान त्यात येतं. बाहेरून तिकडे जाणारं विमान मात्र युरोपीय कंपनीचं असेल तरच येतं. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना एअर इंडिया असो की लुफ्तान्सा, संरक्षण आहे. मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना लुफ्तान्साला नियम लागू, एअर इंडियाला नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटननेही जवळपास हेच नियम आपल्या कायद्यात ठेवलेत.

एक सापळा मात्र आहे. युरोपात अडकल्यावर रिफंड निवडला की कंपनीची देखभालीची जबाबदारी संपते. पर्यायी विमान निवडलं तर ते मिळेपर्यंत हॉटेल चालू. तिकीट स्वस्त असेल आणि परतीचे दर कडाडले असतील, तर रिफंडचं बटण दाबून प्रवासी स्वतःचंच मोठं नुकसान करून घेतो.

अमेरिकेत उलटं आहे. विमान कोणत्याही कारणाने रद्द झालं आणि प्रवाशाने पर्याय नाकारला, तर रिफंड आपोआप द्यायचा, कार्डाने भरले असतील तर कामकाजाच्या सात दिवसांत, असा नियम २०२४ पासून आहे. पण हवामानामुळे अडकलेल्याला हॉटेल देण्याची सक्ती नाही. रात्र काढायची ती स्वतःच्या खर्चाने किंवा विम्याच्या.

विमा कुठे कामाला येतो, कुठे नाही

तिकीट काढताना शेवटच्या पानावर थोडक्या रुपयांत मिळणारा विमा आणि परदेश प्रवासाची स्वतंत्र पॉलिसी, या दोन्हींना लोक 'ट्रॅव्हल इन्शुरन्स'च म्हणतात. पण आत काय आहे ते वेगळं असतं. परदेश प्रवासाच्या पॉलिसीत मुख्य भाग वैद्यकीय खर्चाचा. उशीर, प्रवास रद्द होणं, मध्येच थांबवावा लागणं, कनेक्टिंग विमान हुकणं ही वेगवेगळी कलमं असतात आणि स्वस्त प्लॅनमध्ये त्यांतली काही नसतातच.

उशिराचं कलम ठरावीक तासांनंतर सुरू होतं. सहा तासांची अट असेल आणि विमान साडेपाच तासांनी उडालं तर काहीच नाही. काही पॉलिसींत ठरलेली रक्कम मिळते, काहींत फक्त पावत्या दाखवलेला खर्च. पावत्यांची पॉलिसी असेल तर विमानतळावरच्या चहा-सँडविचचं बिलसुद्धा जपून ठेवावं लागतं.

मग 'कारणा'चा प्रश्न. पॉलिसीत 'खराब हवामान' लिहिलंय, पण ज्वालामुखीची राख म्हणजे हवामान आहे का? हा वाद २०१० मध्ये ब्रिटनमध्ये खरोखर झाला. काही विमा कंपन्यांनी पैसे दिले, काहींनी राख हवामानात बसत नाही म्हणून हात वर केले. म्हणून पॉलिसीत 'नैसर्गिक आपत्ती' असा व्यापक शब्द आहे का, आणि त्याची व्याख्या काय, हे पाहणं गरजेचं. हवाई हद्द सरकारी आदेशाने बंद झाली तर ते कारण धरलंय की वगळलंय, तेही तिथेच सापडेल.

सगळ्यात जास्त क्लेम जिथे अडतात ती अट म्हणजे आधी माहीत असलेली घटना. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा लेवोटोबी लाकी-लाकी ज्वालामुखी नोव्हेंबर २०२४ आणि जून २०२५ मध्ये फुटला तेव्हा बालीची उड्डाणं रद्द झाली. जूनमध्ये दिल्लीहून बालीला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्यातून परत आलं. हनिमूनला बाली गाठणाऱ्या पुण्या-मुंबईच्या जोडप्यांनी बातमी पाहून घाईघाईने विमा काढला, तर त्याच उद्रेकासाठी तो सहसा उपयोगी पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या विमा कंपन्या तर प्रत्येक उद्रेकासाठी तारीख जाहीर करतात: या दिवसानंतर घेतलेल्या पॉलिसीवर या ज्वालामुखीचा क्लेम नाही. चक्रीवादळाला नाव पडलं, हवामान खात्याचा इशारा आला, की तोच तर्क लागतो. विमा काढायचा तर तिकिटासोबतच.

भीती वाटली म्हणून प्रवास रद्द केला तर साध्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. आणि विमान कंपनीने रिफंड दिला असेल तर तेच पैसे विम्यातून पुन्हा मिळत नाहीत. विमा कंपनी आधी विचारते, एअरलाइनकडून किती आले?

वेगवेगळ्या तिकिटांचा घोळ वेगळाच. नागपूर-मुंबई एका कंपनीचं, मुंबई-दुबई दुसऱ्याचं, दोन स्वतंत्र पीएनआर. नागपूरचं विमान पावसाने रद्द झालं तर पहिली कंपनी नागपूर-मुंबईचे पैसे देईल. दुबईचं विमान वेळेवर उडालं, प्रवासी आला नाही, तर दुसऱ्या कंपनीच्या नजरेत तो फक्त गैरहजर प्रवासी. एकाच पीएनआरवर असतं तर पुढची सोय करणं कंपनीवर आलं असतं. स्वतंत्र तिकिटांवर काढलेल्या कनेक्शनला पॉलिसीचं संरक्षण आहे का, हे आधी पाहायला हवं.

विमानतळावर असताना

पहिला नियम, घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नये. वादळाचा इशारा पाहून आदल्या रात्री प्रवाशाने रद्द केलं तर तो त्याचा निर्णय; रद्द करण्याचे पैसे कापले जातात आणि मग सकाळी कंपनी तेच विमान रद्द करते. अशा दिवसांत बहुतेक कंपन्या तारीख बदलण्याची मोफत सवलत जाहीर करतात, तिची वाट पाहावी. स्वतःहून रद्द करावंच लागलं तर न वापरलेले कर आणि विमानतळ शुल्क तरी नियमाप्रमाणे परत मिळतं, नॉन-रिफंडेबल तिकिटावरही. ते मागायला लोक विसरतात.

दुसरं म्हणजे पुरावा. रद्द झाल्याचा एसएमएस, फलकाचा फोटो, आणि विमान कंपनीकडून कारणासह लेखी प्रमाणपत्र. 'ऑपरेशनल रीझन' असं मोघम लिहून मिळालं तर विम्यात अडचण येते, कारण तिथे नैसर्गिक कारण दाखवावं लागतं. गंमत अशी की भरपाईच्या वादात हेच शब्द कंपनीला महागात पडू शकतात. धुकं सकाळी दहाला विरलं, त्याच मार्गावरची बाकीची विमानं उडाली आणि एकच विमान रात्री रद्द झालं, तर 'हवामान' हे कारण कितपत टिकतं हा प्रश्न विचारता येतो. अपवादाची सूट हवी असेल तर सगळे वाजवी उपाय करूनही ते टाळता आलं नसतं, अशी परिस्थिती असायला हवी.

दाद कुठे मागायची?

सुरुवात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने. उत्तर नाही किंवा पटलं नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल आणि अ‍ॅप. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

विमा कंपनीने क्लेम नाकारला, किंवा लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद चालतात. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. नकार मिळाल्यापासून वर्षभरात अर्ज करावा लागतो.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षं. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यात दावा करण्याची मुभा दिली आहे. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असलं तरी सांगलीच्या प्रवाशाला सांगलीतच तक्रार करता येते.